अकरा पायऱ्यांचा अभ्यास दौरा

वाकडटोल्याच्या डोंगरीवरील मठाला एकूण एकशे बारा पायऱ्या आहेत. त्यांपैकी अकरा नाहीत. त्रेसष्टपासून त्र्याहत्तरपर्यंतच्या पायऱ्या २००९ साली दरड सरकून खाली गेल्या आणि खालीच राहिल्या. उरलेल्या एकशे एक आपापल्या जागी कर्तव्यावर हजर होत्या. पण मधल्या अकरांच्या गैरहजेरीमुळे त्यांचा उपयोग फक्त धडधाकट माणसांना आणि माकडांना होई.

सालेकसा तालुक्यातली ही डोंगरी म्हणजे धानाच्या बांध्यांमध्ये एकाएकी उभा राहिलेला एकसंध खडक. माथ्यावर जुना मठ आणि मठात दर माघात सात दिवस उदाराम महाराजांचं कीर्तन. चार गडी महाराजांना पाठुंगळी घेऊन तेवढा तुटका टप्पा ओलांडत. म्हातारी माणसं पायथ्याशी बसून भोंग्यातून ऐकत. कीर्तनच खाली घ्या, असं सुचवणाऱ्याला गाव विचारी, "मग डोंगरी कायले हाये जी?"

तुलसीरामचा जीव कीर्तनात. महाराजांनी नुसती चिपळी उचलली तरी याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण तीन वर्षं त्याच्या डोळ्यांतलं पाणी अर्धंच येत होतं, कारण बायको खाली असायची. गोमतीचे गुडघे गेलेले.

"महाराज हासून राहिले का रडून राहिले, काई समजत नाई," ती म्हणायची. "कीर्तन का नुसतं ऐकाची गोष्ट हाये? पाहाची हाये. भोंगा काई हासत नाई, जी."

"पुढच्या माघात तुले महाराजांच्या पुढ्यात बसवतो," तुलसीरामनं शब्द दिला. आणि शब्द दिल्यावर माणूस जे करतो ते त्यानं केलं. अर्ज केला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे गाव कोहळी समाजाचं. यांच्या पूर्वजांनी तलाव बांधले. आजही तलावाची पाळ फुटली, की हाळी पडते, "घरामागे एक माणूस!" आणि दिवस मावळायच्या आत पाळ बांधून होते. मग अकरा पायऱ्या त्यांनी स्वतःच का बसवल्या नाहीत? कारण दरड कोसळल्याच्या आठव्या दिवशी कोणीतरी तिथे एक फलक लावून गेलं होतं: 'काम प्रस्तावित'. सरकारनं मनात आणलेल्या कामाला हात लावणं गावाला बरं दिसेना. शेजारधर्म म्हणून गावानं दर वर्षी तो फलक मात्र रंगवला.

अर्ज उंच श्रद्धास्थान सुगम्यता समितीकडे गेला. सचिव धर्मेंद्र साहेबांनी तो दोनदा वाचला आणि गंभीर झाले.

"शंभर फुटांवरचं काम आहे," ते म्हणाले. "नियमानुसार तुलनात्मक अभ्यासाशिवाय मंजुरी देता येत नाही."

"साहेब, अकराच पायऱ्या हायेत."

"म्हणूनच. एकशे बारा असत्या तर नवीन काम झालं असतं. हे मधलं काम आहे. मधल्या कामाला अभ्यास जास्त लागतो."

महाराष्ट्रातली लेणी आधी विचारात घेतली गेली आणि फेटाळली गेली. ती खडकात कोरलेली आहेत, आपला मठ खडकावर बांधलेला आहे, सबब वर्गवारी जुळत नाही. मग इंटरनेटवर शोध घेता वर्गवारी जुळणारं सर्वांत जवळचं ठिकाण ग्रीस देशात निघालं. तिथे मेटेओरा नावाच्या जागी आभाळाला टेकलेले खडक आहेत आणि त्यांच्या माथ्यावर शेकडो वर्षांचे मठ.

समितीचे अध्यक्ष मुन्नालालजी गोंदिया शहरातले, दिलदार माणूस. ते म्हणाले, "देखो भाई, जनतेच्या कामात आपण पीछे हटणार नाही. जाना पड़ेगा तो जाना पड़ेगा."

बारा जणांचा दौरा ठरला. मार्गदर्शक सूचनांत एक लाभार्थी प्रतिनिधी सक्तीचा होता. तेवढ्या कारणासाठी तुलसीरामचा पासपोर्ट निघाला. प्रवासाचा उद्देश या रकान्यात त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं: अकरा पायऱ्या.

गोमतीनं तिळाचे लाडू बांधून दिले. "बासष्टाव्या पायरीवरून चौऱ्याहत्तराव्या पायरीवर जाले तुमी इमानात बसून राहिले," ती म्हणाली. "जपून जा, जी. मधातच उतराल नोको."

२०१२च्या ऑक्टोबरात समिती मेटेओराच्या पायथ्याशी उभी राहिली. तुलसीरामनं वर पाहिलं आणि त्याची टोपी मागे पडली. आपली डोंगरी या खडकांपुढे लेकरासारखी. आणि माथ्यावर, जिथे घार बसायला बिचकेल, तिथे लाल कौलांचा मठ! त्यानं जागच्या जागी हात जोडले.

मठाच्या दारात मात्र अडचण निघाली. परदेशात हाफपँट घालतात असा समितीचा ठाम समज होता आणि त्यासाठी सर्व सदस्यांनी एकसारख्या हाफपँटी शिवून घेतल्या होत्या. दारावर पाटी होती: उघड्या गुडघ्यांना प्रवेश नाही. दारावरच्या साधूनं एक एक गुडघा तपासला आणि एक एक सदस्य परत पाठवला. शेवटी तुलसीराम आला, धोतर नेसलेला. साधूनं धोतर पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि आदरानं बाजूला झाला. सहलीचा व्यवस्थापक श्यामलाल यालाही प्रवेश मिळाला. त्याच्या मालकानं त्याला फुलपँट सक्तीची केली होती.

"तुलसीरामजी," मुन्नालालजी पायरीवर बसत म्हणाले, "आप हमारी तरफ से सब देख लेना. आम्ही इथे बाहेरचा अभ्यास करतो." बाहेर आइस्क्रीमची गाडी होती.

अशा रीतीने साऱ्या समितीचा अभ्यास एकट्या तुलसीरामच्या अंगावर पडला. आत मेणबत्त्यांच्या उजेडात साधू गात होते. टाळ नाही, मृदंग नाही, शब्द एक कळत नव्हता. पण एकानं सूर धरावा, दुसऱ्यानं तो अलगद उचलावा, हे त्याला पुरतं कळलं. डोळे वाहू लागले. गाणं थांबलं तेव्हा त्याच्या तोंडून हळूच "रामकृष्ण हरी" निघून गेलं. शेजारचा तरुण साधू हसला. डोळ्यांनी हसला. गोमती असती तर तिनं पाहिलं असतं.

श्यामलालला मध्ये घेऊन त्यानं विचारलं, "पायऱ्या कराच्या आंधी लोक कसे येत होते म्हणा?"

"जाळ्यात बसवून दोरानं ओढून घेत," साधूनं सांगितलं.

"दोर कवा बदलवत?"

साधू पुन्हा हसला. "जुने लोक सांगतात, देव तोडेल तेव्हा."

"आन् आता पायरी फुटली, तर मंजुरी कोठून येते?"

श्यामलालनं दोन-तीनदा प्रयत्न केला, पण मंजुरी ही काय वस्तू आहे हे काही त्या साधूला समजेना. त्यानं तुलसीरामला हाताला धरून बाहेर नेलं, एका नव्या पायरीवर उभं केलं, मग स्वतःच्या नखांत अडकलेलं सिमेंट दाखवलं आणि म्हणाला, "मंगळवारी."

परतल्यावर तुलसीरामनं समितीला हे सगळं सांगितलं. धर्मेंद्र साहेबांनी त्यातलं मंगळवारचं प्रकरण 'संदर्भहीन' म्हणून वगळलं आणि एकशे ऐंशी पानी अहवाल सादर केला. निष्कर्ष दोन होते. एक: पायऱ्या हा अलीकडचा प्रकार असून मूळ पद्धत जाळीची आहे, सबब वाकडटोल्यास पायऱ्यांऐवजी पारंपरिक जाळी-उद्वाहन संच द्यावा. दोन: दोर देव तोडेल तेव्हाच बदलावा; देखभालीचं हे तत्त्व आपल्याकडे सर्व विभागांत आधीपासूनच लागू असल्याने वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नाही.

माघातल्या कीर्तनाच्या पहिल्या दिवशी सकाळी संचाचं उद्घाटन झालं. गोमती नवं लुगडं नेसून आली होती. तिनं जाळं पाहिलं.

"याच्यात मासोळी बसते," ती म्हणाली. "मी नाई बसत."

"माताजी, डरो मत," मुन्नालालजी म्हणाले. "पहिला लाभार्थी मी!"

ते हार घालून जाळ्यात बसले. वरून दहा जणांनी कप्पीवर दोर ओढला. मुन्नालालजी हात हलवत वर गेले आणि बरोबर अडुसष्टाव्या पायरीच्या, म्हणजे ती जिथे नव्हती त्या जागेच्या, समोर आले तेव्हा दोराची गाठ कप्पीत अडकली. जाळं वरही जाईना, खालीही येईना. नुसतं गोल फिरू लागलं.

"धर्मेंद्र!" जाळं गावाकडे फिरलं तेव्हा हाक आली. "कुछ करो!"

धर्मेंद्र साहेबांनी अहवाल उघडला. "सर, दोर देव तोडेल तोपर्यंत हस्तक्षेप करता येत नाही. आपणच मंजूर केलंय."

"अरे, देव को मत बुलाओ! सीढ़ी बुलाओ!"

"शिडी खरेदीला तीन निविदा लागतील, सर."

जाळं डोंगरीकडे फिरलं, त्यामुळे मुन्नालालजींचं उत्तर खडकाला ऐकू गेलं.

तुलसीरामला राहवलं नाही. तलावाची पाळ फुटल्यावर देतात तशी त्यानं कानावर हात ठेवून हाळी दिली, "घरामागे एक माणूस!"

हाळीला 'प्रस्तावित' कळत नाही. माणसं पहारी, दोर, घमेली घेऊन धावली. सरकलेले दगड तीन वर्षं पायथ्याशीच पडून होते. त्यांवर बसून म्हाताऱ्यांनी कीर्तन ऐकलं होतं. ते दगड साखळीनं वर चढू लागले. तलावाच्या पाळीला देतात तसा तळ दिला, सांध्यांत खडी ठोकली. दुपार कलायच्या आत अकराही पायऱ्या जागेवर आल्या. अडुसष्टावर उभं राहून तुलसीरामनं अध्यक्षांना जाळ्यातून हात देऊन उतरवलं.

"मज़बूत है," मुन्नालालजी पायरीवर दोनदा पाय आपटून म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

अहवालात नोंद झाली: 'जाळी-चाचणी यशस्वी. लाभार्थी सुखरूप.'

त्या संध्याकाळी गोमती, दर दहा पायऱ्यांवर दम घेत, वर पोचली आणि महाराजांच्या पुढ्यात बसली. महाराजांनी तिला पाहिलं आणि ओळ सोडून हसले. तीन वर्षांचं हसू ते. गोमतीनं पदर तोंडाला लावला. तुलसीरामच्या डोळ्यांत पाणी पुरेपूर आलं.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक आलं. पहिल्या दौऱ्याचं यश पाहता दुसरा अभ्यास दौरा काढण्यात येईल. यंदा वीस लाभार्थी प्रतिनिधी. पात्रता एकच, गावातील उंच श्रद्धास्थानाच्या पायऱ्या सद्यस्थितीत तुटलेल्या असाव्यात, फोटो जोडावा. दोन दिवसांत एक्केचाळीस गावांचे अर्ज गेले. त्यांपैकी एकोणीस गावांत डोंगरच नव्हता. एका गावात टेकडीचं काम सुरू होतं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वाकडटोल्याची अडुसष्टावी पायरी जागेवर नव्हती.

गाव जमलं. नवल म्हणजे कोणी चिडलेलं दिसेना. जो तो फोटो चांगला कुठून येईल ते पाहत होता.

"काऊन रे, कोण काढलन?" गोमती सदुसष्टाव्या पायरीवर काठी आपटत ओरडली. "मी का आता पुन्ना भोंगा पाहू?"

तुलसीरामनं एकट्यानंच पहार उचलली. मग लाजेकाजेनं आणखी दोघे पुढे आले आणि दगड बसला.

रात्रीच्या कीर्तनात महाराजांनी मधेच चिपळ्या थांबवल्या.

"ज्यानं पायरी काढली त्यानं हात वर करू नये," ते प्रेमानं म्हणाले. "मले नाव नाई पाहिजे. फक्त ज्याच्या मनात दौऱ्याचा अर्ज भराचं आलं, त्यानं उठावं, कोपऱ्यातल्या रांजणातलं घोटभर पाणी प्यावं, आन् पुन्ना येऊन बसावं. दुसरं काई नाई."

कोणी उठलं नाही. मग एकाला खोकला आला, तो उठला. त्याला पाहून दुसऱ्याला आला. मृदंगवाल्यानं मृदंग खाली ठेवला. पाऊण तासात रांजण तळाला गेला.

तुलसीराम मांडी घट्ट घालून बसला होता. आपण तर जाऊन आलो, या विचारानं त्याला जरा उंच वाटत होतं. तेवढ्यात गोमती त्याच्या कानाशी लागली.

"तुमी सांगतलं ते साधू," ती ओठांवरून जीभ फिरवत म्हणाली, "डोळ्यानं हासते म्हणता ना? एकडाव पाहावं वाटते, जी."

महाराजांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी नुसतं सांगितलं, "रांजण भरून ठेवा रे. बाहेरगावचे लोकबी येतील."

तेव्हा वाचकहो, निःसंकोच या. पायऱ्या आज तरी एकशे बाराच्या एकशे बारा जागेवर आहेत, आणि पाणी गार आहे.