अठ्ठेचाळीस सह्यांची रेवती

सूर्यकांत परचुरे केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते, आणि त्यांच्या फायलीत चूक काढणारा अजून जन्माला यायचा होता. असं ते स्वतःच सांगत! तेव्हा पंच्याण्णव साली गाझियाबादच्या कोऱ्या करकरीत सोसायटीत त्यांना मुलगी झाली, तर नावाचं काम त्यांनी आपल्याकडेच ओढून घेतलं यात नवल नाही.

"अहो, एकच मागणं," अलका म्हणाली. "पहाडगंजच्या शाळेत माझ्या वर्गात पाच अलका होत्या. दहावीपर्यंत मी 'अलका तीन'! माझ्या लेकीला नंबर नको. माझ्या आईचं नाव ठेवू या ना, कुसुमावती."

"जुनाट वाटतं गं! मी शोधतो. अख्ख्या सोसायटीत एकच असेल, बिल्कुल!"

दोन दिवस पंचांग आणि पुराणं पालथी घालून त्यांनी नाव काढलं: रेवती. सत्तावीस नक्षत्रांतलं शेवटचं, शिवाय बलरामाची बायको! आता खरं तर बारशापर्यंत नाव पोटात ठेवायचं असतं. आत्यानं बाळाच्या कानात सांगितलं की मगच ते जगाला कळायचं. पण 'ना हरकत' घेतल्याशिवाय सरकारी माणसाला घास उतरत नाही. त्यांनी हिंदीत परिपत्रक काढलं. रेवती या नावाची थोरवी पानभर लिहिली आणि खाली विचारलं, आपल्या घरी या नावाची कन्या आहे काय? नसल्यास सही करावी. चौकीदार तो कागद घेऊन अठ्ठेचाळीस घरं फिरला.

बारशाच्या सकाळी कागद परत आला. अठ्ठेचाळीस सह्या! एकही रेवती नाही! सूर्यकांत हरखून गेले.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या सचदेवा आंटी बर्फी घेऊन आल्या. "भाईसाहब, क्या नाम ढूँढा है! हमने पोती का रख दिया!"

मागोमाग वरच्या मजल्यावरची शेजारीण चार वर्षांच्या लेकीला पुढे ढकलत आली. "ये निधी थी. आपका कागज पढ़ा, तो कल स्कूल के फॉर्म में रेवती लिखवा दिया!" तिसरीनं तर मार्केटमधल्या नव्या 'रेवती ब्यूटी पार्लर'च्या उद्घाटनाचं कार्डच हातात ठेवलं!

"लेकिन आप सबने तो साइन किया था!" सूर्यकांत कळवळले.

"हाँ जी! तब नहीं थी!"

पाळण्याशी पुण्याहून आलेली आत्या, म्हणजे प्रभा, वाकून ताटकळली होती. "दादा, लवकर सांग रे, माझी कंबर गेली!" सूर्यकांत कागदावरच्या सह्या पुन्हा मोजू लागले. अलकाचे डोळे भरून आले. आपली लेक पाळण्यातच 'रेवती तीन'!

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि कागद ओढून घेतला. "अठ्ठेचाळीस घरांना हरकत विचारलीत. माझी सही कुठाय?"

ती कुठेच नव्हती. अलकानं पेन घेतलं आणि तळाशी ठसठशीत लिहिलं: 'हरकत आहे. नाव कुसुमावती.'

प्रभानं ते तिथल्या तिथे बाळाच्या कानात सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. "बहुत लंबा है जी," म्हणत सचदेवा आंटींनी तोंडात बर्फी टाकली.

आणि सूर्यकांत? शेरा मारलेला कागद समोर आल्यावर त्यांचा हात थोडाच थांबतो! त्यांनी मुकाट्यानं खाली 'मंजूर' लिहिलं, सही ठोकली आणि तारीख घातली.