हो, हो, नाही

मोठ्या बाईंचा उंट कंपाउंडरांच्या वजिरावर डोळा ठेवून होता, तेवढ्यात दहा वाजले आणि बाईंचा फोन वाजला.

बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्याला पंधरा वर्षं झाली, पण गल्लीत त्यांना अजून मोठ्या बाईच म्हणत. तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. त्यासाठी मुलाने दोन अटी घातल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून सोबतीशिवाय जिना उतरायचा नाही आणि एकट्या म्हाताऱ्यांसाठीच्या विचारपूस केंद्राचा रोज दहाचा फोन घ्यायचा. "एकदा जरी गडबड झाली ना आई, तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं." मुलाचं घर चांगलं होतं, सूनही चांगली होती. पण तिथे बाईंच्या हातातला रिकामा कपसुद्धा कोणीतरी धावत येऊन काढून घेई. तिथे राहिलो तर आपण आठवडाभरात म्हाताऱ्या होऊ, अशी बाईंना खात्री होती.

पहिली अट त्या रोज पावणेदहाला मोडत. तळमजल्यावर राहणारे निवृत्त कंपाउंडर बुद्धिबळ अगदी वाईट खेळत, आणि बाईंना जिंकायला आवडे. दुसरी अट मात्र त्या काटेकोर पाळत. फोनवरची मुलगी रोज तेच तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारी. औषध घेतलं का, नाश्ता झाला का, काही त्रास होतोय का. बाई पटावरून नजर न काढता म्हणत, "हो. हो. नाही." प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या पोरांचे ज्यांनी जन्मभर कान पिळले, त्या बाई!

आज मुलीच्या हातात नव्या प्रश्नांचा कागद आला होता.

"आजी, आज कुठे पडलात का?"

"हो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी उंट उचलला.

"अगं बाई! फार लागलं का?"

"हो."

"उठता येतंय का तुम्हाला?"

"नाही."

"हलू नका आजी! लगेच माणसं पाठवते!"

"बरं, छान." बाईंनी फोन ठेवला आणि वजीर मारला.

दहा मिनिटांनी भोंगा वाजवत रुग्णवाहिका दारात उभी राहिली. दोघंही डाव टाकून हौसेने खिडकीशी धावले.

"काय झालं हो?" कंपाउंडरांनी विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी पडलीय!" स्ट्रेचर घेऊन पळणारा उंच माणूस म्हणाला. त्याच्या मागे एक बुटका होता.

"तिसऱ्यावर? तिथे तर मी एकटीच..." बाईंनी पटाशेजारच्या फोनकडे पाहिलं. तोवर केंद्राने मुलालाही कळवलं होतं. त्याचा फोन आलाच. "आई, अजिबात हलू नकोस! निघालोय मी!" आणि ऐकून न घेताच त्याने तो बंद केला.

"खरं काय ते सांगून टाका," कंपाउंडर म्हणाले.

"काय सांगू? प्रश्नच ऐकले नाहीत हे? की जिना उतरून तुमचा वजीर मारत होते हे? काहीही सांगितलं तरी सामान बांधणं आलंच! तो यायच्या आत मला घरात असायला हवं."

गुडघ्यांचं मत न विचारता बाई तीन मजले चढल्या. वर रुग्णवाहिकेच्या त्या दोघांनी दाराला पहार लावली होती.

"हात तर लावून बघा दाराला!" बाईंचा शाळेतला आवाज बाहेर पडला. दोघं चटकन ताठ उभे राहिले.

"आजी, बाजूला व्हा. आत म्हातारी पडलीय."

"ती म्हातारी मीच."

उंच माणसाने हातातला कागद पाहिला. "यात 'उठता येत नाही' असं लिहिलंय. तुम्ही तर उभ्या आहात."

"मग काय आडवी होऊ?"

"झालात तर बरंच होईल," बुटका कळवळून म्हणाला. "पेशंट सापडलाच नाही म्हटलं की साहेब चार पानी खुलासा लिहायला लावतात."

बाईंनी किल्लीने दार उघडलं. तरीही दोघांनी आत जाऊन पलंगाखाली वाकून पाहिलंच. इतक्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. बाईंचा मुलगा एरवी हे तीन मजले प्रत्येक मजल्यावर थांबत, धापा टाकत चढे. आज तो दोन-दोन पायऱ्या चढत आला, "आ... आई..." एवढंच म्हणाला, भिंत धरून खाली बसला आणि मग सावकाश आडवाच झाला.

दोघांचे चेहरे उजळले. उंचाने पेन काढलं. "आज कुठे पडलात का?"

मुलाने डोळ्यांनीच हो म्हटलं.

"उठता येतंय का?"

मुलाने नकारार्थी मान हलवली.

"जुळलं!" बुटका म्हणाला.

रक्तदाब तपासला, तर तोही आभाळाला टेकलेला. फोनवरून डॉक्टरांनी बजावलं की आठ दिवस सक्त विश्रांती, जिना उतरायचा नाही. मग त्याला उचलून बाईंच्याच पलंगावर निजवलं. बाई त्याच्या उशाशी बसल्या. त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला बाई चपला घालू लागल्या.

"कुठे निघालीस?" मुलाने विचारलं.

"खाली. बुद्धिबळ खेळायला."

"जिना उतरून? रोज जातेस?"

"रोज."

मुलाला पुष्कळ बोलायचं होतं, पण पांघरुणात निजलेल्या माणसाला दरडावता येत नाही.

"अगं, पण मी इथे एकटा कसा राहू?"

"दहा वाजता फोन करीन," बाई दार ओढून घेत म्हणाल्या. "पण एकदा जरी उचलला नाहीस ना, तर कायमचा इथेच ठेवून घेईन."