तिसगावच्या निळ्या पडद्याची मोहीम

मौजे तिसगाव येथे सूर्यभानरावांचे घरी दोन संगणक होते. एक जुना, ज्याच्या कळफलकावरील दोन कळा उंदराने नेल्या होत्या. दुसरा नवा लॅपटॉप, ज्याच्या पडद्यावरील प्लास्टिकही अद्याप निघाले नव्हते. जुन्यात पेनड्राईव्ह घातला असता जुना चालत असे. तोच पेनड्राईव्ह नव्यात घातला असता नव्याचा पडदा निळा होऊन यंत्र मूर्च्छित पडत असे.

ऐसे घडत होते. ते का घडते हे ज्यांस पक्के ठाऊक होते, त्यांची संख्या घरात आणि गल्लीत मोठी होती. ज्याने तपासून पाहिले, ऐसे माणूस एकच होते. त्याची ही हकीकत, पाहिले ते पाहिले आणि ऐकले ते ऐकले ऐसे निराळे ठेवोन, कोणाची खुशामत न करिता लिहिली आहे. वाचणारांनी विश्वास ठेवण्याची घाई करू नये.

सूर्यभानरावांची धाकटी कन्या चिरंजीव रुपाली ही भूशास्त्रात एम.एस्सी. जाहली आणि मग गावोगावच्या विहिरींत फीतदोर सोडोन पाणी किती खोल गेले ते टिपू लागली. गावाने हे वेड मानिले, परंतु पुण्याच्या एका संशोधन संस्थेने ते काम मानिले, आणि तेथून ईमेलाने फर्मान आले की, येत्या गुरुवारी सकाळी पडद्यावर दरबार भरेल, उमेदवाराने हजर होऊन आपल्या मोजण्या दाखवाव्या, पसंत पडल्यास शिष्यवृत्ती बहाल होईल. जो दरबारातून मध्येच नाहीसा होईल त्याची जागा पुढील उमेदवारास जाईल, सबब ऐकिली जाणार नाही. रुपालीस हे फर्मान पाठ जाहले होते. मोजण्या साऱ्या जुन्या संगणकाचे पोटात होत्या, परंतु त्यास कॅमेरा नव्हता आणि इंटरनेटही नव्हते. नव्यास दोन्ही होते, परंतु मोजण्या नव्हत्या. दोहोंमधील नदी उतरोन जावयास होडी एकच, ती पेनड्राईव्ह. आणि होडी पैलतीरास लागली की पैलतीरच बुडत असे.

आता या नव्या यंत्राची स्वारी घरी आली तेव्हाची हकीकत. मातोश्री छबूबाई यांनी त्याच्या झाकणावर कुंकवाचे बोट लाविले, पेढे वाटिले, आणि मग सोयरेधायरे ते पाहावयास येऊ लागले. तान्हे मूल पाहावयास जाणे तर झबले न्यावे, नवा ट्रॅक्टर पाहावयास जाणे तर नारळ न्यावा, ही वहिवाट जुनी. परंतु लॅपटॉप पाहावयास जाणे तर काय न्यावे, याचा दाखला कोठे नव्हता. तो दाखला मातोश्रींचे बंधू राजश्री बिभीषणमामा, कापसाचे व्यापारी, वस्ती श्रीरामपूर, यांनी घातला. त्यांनी अँटीव्हायरस आणिला, म्हणजे यंत्राच्या वेशीवर उभा राहून आत येणाऱ्या प्रत्येक फायलीची झडती घेणारा चौकीदार, आणि स्वहस्ते बसविला. हे ऐकोन धाकटे चुलते अजिनाथराव, साखर कारखान्याच्या कचेरीतील मातब्बर, यांस वाटले की, मामा आणितो आणि सख्खा चुलता रिकाम्या हाताने जातो हे घराण्यास शोभत नाही. सो त्यांनी आपला चौकीदार आणोन बसविला. मग थोरले जावई समर्थराव, जे पुण्यात संगणकाच्या कंपनीत नामांकित होते, यांनी सासुरवाडीचा मान राखोन तिसरा बसविला. प्रत्येक वेळी चहा जाहला, प्रत्येक वेळी यंत्र किंचित मंद जाहले, आणि शेवटी तर फाईल उघडण्याचा हुकूम देऊन रुपालीने भाकरी थापून यावी तरी फाईल उघडलेली नसे. मग निळा पडदा सुरू जाहला. त्यावर एक रडके तोंड उमटे, खाली इंग्रजीत दिलगिरी उमटे, आणि मग अंधार.

तेव्हा मसलत बसली. बिभीषणमामा खासा श्रीरामपूरहून आले आणि भाचीचा दरबार पाहिल्याविना हालणार नाही ऐसा निश्चय जाहीर करोन पलंगावर ठाण मांडिते जाहले.

"रुपे, ह्यो पेनड्राईव्हच नासका हाय," मामा म्हणाले. "दे उकिरड्यावर फेकून."

"मामा, जुन्यात चालतोय की तो."

"जुन्याला कळत न्हाई, म्हनून चालतोय!"

अजिनाथरावांचा कौल निराळा पडला. "दोष लाईटीचा हाय. आपल्या गल्लीची डीपी, ती ट्रान्सफॉर्मरची पेटी, जळकी हाय, लई दिस सांगतोय."

"काका, प्लग काढून बॅटरीवर लावलं तरी हेच होतं."

"आन बॅटरी कशावर भरली? त्याच डीपीवर ना?"

यावर रुपालीपाशी उत्तर होते, परंतु ते विज्ञानाचे असोन नात्याचे नव्हते, म्हणोन तिने गिळिले. जावई समर्थराव यांजकडून फोनावर हुकूम आला की, रॅम कमी पडते, मोठी घालावी, आणि तोवर आपला चौकीदार कडक पहाऱ्यावर ठेवावा. तो मग दुरूनच कडक करण्यात आला. हे पाहोन मामांनी आपला अपडेट केला, आणि काकांनीही मागे राहणे नाकबूल केले. त्या संध्याकाळी यंत्र पेनड्राईव्हाचे नुसते टोक लागताच कोसळले. सूर्यभानरावांनी अखेरची आज्ञा दिली की, पाव्हन्यांनी मनापास्नं दिलेलं हाय, कशाला हात लावायचा न्हाई. आणि या आज्ञेस कारण होते. एका बारशात मानाची टोपी मामांचे आधी दुसऱ्यास घातली गेली, तेव्हा मामा जेवणाचे ताटावरून उठोन जे गेले, ते बहिणीचे उंबऱ्यास दोन दिवाळ्या शिवले नव्हते.

गुरुवार उद्यावर आला. बुधवारी दुपारी अजिनाथरावांनी मामांस मटणाचे जेवणास आपले घरी नेले, आणि किल्ला मोकळा जाहला. रुपालीने बैठकीत लॅपटॉप मांडिला आणि मनाशी नेम केला की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दोन बदलू नये.

प्रथम तिने यंत्र सेफ मोडात उठविले. ही अवस्था ऐसी की तीत घरचे चाकर तेवढे जागे असतात आणि बाहेरून आलेले सारे निजलेले असतात. मग तिने पेनड्राईव्ह घातला. पडदा निळा जाहला नाही. मोजण्या निमूट उतरल्या. पेनड्राईव्ह तोच होता, डीपी तीच होती, रॅम तेवढीच होती. म्हणोन तिन्ही आरोपी एकाच दमात निर्दोष सुटले. गुन्हा निजलेल्यांपैकी कोणाचा तरी होता.

मग यंत्र नेहमीप्रमाणे जागे करोन तिने मामांचा चौकीदार काढिला. पेनड्राईव्ह घातला, निळे. मग काकांचाही काढिला, आणि जावयांचा एकटा उरला; यंत्र ठणठणीत. तेव्हा काकांवर संशय येणे रास्त होते, आणि दुसरा कोणी असता तर निकाल देऊन मोकळा जाहला असता. परंतु रुपालीने जावयांचा काढोन काकांचा एकटा बसविला; ठणठणीत. मामांचा एकटा बसविला, तोही ठणठणीत. म्हणजे एकेकटे पाहता तिघेही सज्जन होते. आता तिने मामांचे जोडीस काकांचा बसवावयास घेतला, तो पडद्यावर एक चौकट उमटली: या संगणकावर आधीच दुसरा अँटीव्हायरस आहे, तो काढू काय?

रुपालीने नको म्हटले, पेनड्राईव्ह घातला, आणि पडदा निळा जाहला.

"अण्णा!" तिने हाक दिली. "काका आले तेव्हा, आधीचा काढू का, अशी चौकट तुम्ही पाहिली होती?"

"पाहिली की," सूर्यभानराव ओसरीवरून म्हणाले. "मामाचं काढू का म्हनून इचारीत हुती. अजिनाथ म्हनला, वहिनीच्या भावाचं म्या कसं काढू? मग 'नको' दाबलं आमी."

"आणि दाजींनी?"

"त्यांला बी इचारलं तिनं. मामाचं आन काकाचं काढू का म्हनून. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्या म्हनलो, ऱ्हाऊ द्या. ऱ्हाऊ दिलं बिचाऱ्यांनी. लई मोठ्या मनाचा मानूस."

संगणकाचा जाणकार खरा. परंतु त्या घटकेस तो सासुरवाडीत होता.

रुपालीने अर्ज केला की, तिन्ही काढावे लागतील, कारण एक ठेवणे तर दोघांचा अपमान, आणि दोन ठेवणे तर यंत्राचा. सूर्यभानरावांचा चेहरा पडला. "मामा आत्ता येतोय जेवून. त्याच्या चौकीदाराचं चित्र पडद्यावर दिसलं न्हाई तर उद्याचा तुझा दरबार ऱ्हाईल बाजूला, हितंच दरबार भरंल."

"चित्र दिसलं म्हणजे झालं ना, अण्णा?"

सूर्यभानरावांनी मिशीवरून हात फिरविला. "तो चित्रच बघतोय. आत कोन बघतोय?"

ऐसी परवानगी मिळताच रुपालीने तिन्ही चौकीदार यंत्रातून काढोन टाकिले, आणि त्यांची चित्रे तेवढी नव्याने पडद्यावर मांडिली: मामांचे सर्वांवर, त्याखाली काकांचे, आणि जावयांचे निराळे, उजव्या हातास, मानाच्या जागी. किताब बहाल राहिले, अंमल खालसा जाहला. विंडोजाचा घरचा चौकीदार, ज्यास पाहुणे येताच ओसरीवर बसविले गेले होते, तो पुन्हा वेशीवर उभा राहिला. आणि तिन्ही चित्रे तिने त्याच्याच दाराशी जोडिली, म्हणजे कोणीही आपले चित्र दाबले तरी उघडावा तोच, हिरवी खूण दाखवीत. मामा जेवोन आले, चष्मा लाविला, आपले चित्र दाबिले, हिरवी खूण पाहिली आणि म्हणाले, "जागा हाय गडी." मग ते निजले.

गुरुवारी दरबार भरला. पडद्यावर तिघे परीक्षक होते, आणि कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर पलंगावर मामा, दारात अजिनाथराव, चुलीपाशी देवाचे नाव घेत छबूबाई. आलेख दाखवोन जाहले, तो एका परीक्षकाने आज्ञा केली की, आलेख नको, मूळ नोंदी दाखवा. मूळ नोंदी रुपालीने जाणोन पेनड्राईव्हातच ठेविल्या होत्या, कारण ज्या गोष्टीने घात होत होता ती दरबारात न करणे म्हणजे आपल्याच निष्कर्षावर विश्वास नसणे, ऐसे तिचे मत होते. पेनड्राईव्ह आत गेला. नोंदी उघडल्या.

मग परीक्षकाने पुसिले की, पाणी खाली गेले ते पाऊस कमी म्हणोन, की शेजारी बोअर पडले म्हणोन, हे कशावरून ठरविले. रुपाली म्हणाली, "सर, एका वेळी एकच कारण बदललेलं असेल अशा विहिरी निवडल्या आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या." परीक्षकाने मान हलविली आणि काही लिहोन घेतले.

पुढे शिष्यवृत्तीचे पत्र आले आणि मोहीम फत्ते जाहली. पेढे पुन्हा वाटिले गेले. बिभीषणमामांनी जाहीर केले की, आपले चित्र सर्वांवर होते म्हणोन यंत्र तगले. अजिनाथरावांनी सांगितले की, वायरमनने त्याच आठवड्यात डीपीस हात लाविला होता. समर्थरावांचा फोन आला की, कडक पहारा कामी आला. रुपालीने तिघांसही पेढा दिला आणि कोणाचेही म्हणणे खोडिले नाही. ते खोडण्याचे काम या लिखाणाकडे राहिले, सो कारण येणेप्रमाणे नोंदविले आहे.

एका यंत्रावर तीन अँटीव्हायरस एकाच वेळी चालू होते. पेनड्राईव्ह येताच तिघे एकाच फायलीवर एकदम झडप घालीत आणि त्या ओढाताणीत यंत्र बंद पडे. एरवी ते एकमेकांचीच झडती घेत, म्हणून यंत्र मंद चाले. आधीचा काढू का, असे यंत्राने दर वेळी स्पष्ट विचारले होते. दर वेळी नको असे उत्तर दिले गेले, कारण आधीचा पाहुण्याचा होता.