सगळे बेडच म्हणतात!

"अख्खी बिल्डिंग आपल्या बाजूने आहे, निहार! सगळ्यांना बेड पाहिजे!" सूर्यकांतरावांनी दारातूनच जाहीर केलं.

निहार ऑफिसच्या कॉलवर होता. त्याने घाईघाईने माइक बंद केला. "बाबा, लोक नेमकं काय म्हणाले?"

"अरे, 'बेड'! ज्याला विचारावं तो बेडच म्हणतो. बरोबर आहे, हॉस्पिटलात बेड मिळणं हाच तर मुद्दा आहे विम्याचा!"

निहारचं कानडी म्हणजे भाजीवाल्यापुरतं, पण दोन शब्द पक्के होते. बेकू म्हणजे पाहिजे. बेड म्हणजे नको.

भानगड अशी होती, की बंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या त्यांच्या बिल्डिंगने सगळ्या घरांचा मिळून एक आरोग्य विमा काढला होता. यंदा हप्ता वाढला आणि कुणीतरी पिल्लू सोडलं, की म्हाताऱ्या आईवडलांना वगळलं तर स्वस्त पडेल. रविवारी मतदान. आता सूर्यकांतरावांना शुगर, वर नागपूरला असताना बायपास झालेली. बाहेरच्या विमा कंपन्या बायपास ऐकेपर्यंत गोड बोलायच्या, मग फोन कट! ही पॉलिसी गेली की बाबा उघड्यावर. म्हणून तर त्यांनी सेक्रेटरी हयवदन रावांकडून कानडी प्रश्न पाठ करून घेतला होता आणि घरोघर कौल घेत फिरले होते.

"बाबा, बेड म्हणजे नको! कुणालाच तुम्ही नको आहात!"

"नको? मग वरच्या गंगव्वाबाईंनी मला कॉफी कशाला पाजली?"

"नको म्हणायचं होतं म्हणून पाजली!"

झालं, निहार स्वतः निघाला. आधी गंगव्वांचं दार. "अक्का, प्लीज, संडेला बेकू म्हणा. अप्पांसाठी."

गंगव्वा बघतच राहिल्या. "बेका? तुझ्या अप्पांना?"

"शंभर टक्के बेकू!"

"सरी, बरं," म्हणत त्यांनी दार लावलं. कॉफीचं नावही नाही. निहारने तसाच सगळ्या बिल्डिंगला हात जोडून बेकू शिकवला. त्यानंतर भलतंच सुरू झालं. शेजारी बाबांना चित्रान्न आणून द्यायला लागले, पाठीवरून हात फिरवायला लागले, आणि निहार लिफ्टमध्ये शिरला की तोंडं फिरवायला लागले.

"बघ, किती जीव लावतात लोक," बाबा चित्रान्न खात म्हणाले.

रविवारी हयवदन रावांनी सभेत विचारलं, "अप्पा-अम्मन्ना पॉलिसीयिंद तेगीबेका?"

सगळ्यांनी निहारकडे पाहिलं. निहारने जोरजोरात होकारार्थी मान हलवली. गंगव्वा जड आवाजात म्हणाल्या, "बेकू." पाठोपाठ सगळेच, "बेकू."

निहारने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

हयवदन राव जवळ आले. "कैसा लडका है तू? अपने फादर को निकालने पे ताली बजाता है?"

"निकालने पे?"

"तेगीबेका? मतलब, निकालना है क्या?"

"हो, हाच प्रश्न मी विचारत होतो," बाबा म्हणाले. "त्यात काय चुकलं?"

निहारच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काढायचं का? नको. म्हणजे अख्खी बिल्डिंग बाबांच्या बाजूने होती, आणि त्यानेच घरोघर फिरून ती विरोधात नेली होती! तो खुर्चीवर चढून ओरडला, "बेड! बेड!"

"पॉलिसी बेड?" एकाने विचारलं.

"पॉलिसी बेकू!"

"अप्पा?"

"बेकू! म्हणजे, काढायला बेड!"

"मीटिंग बेड," म्हणत दोघंजण घरी निघाले. त्यांना दारातून परत आणावं लागलं. शेवटी हयवदन रावांनी टेबल बडवलं. "कन्नडा बंद! जिनको बुजुर्गों को रखना है, खडे हो जाओ!"

धडाधड सगळे उभे राहिले. गंगव्वा गुडघा धरून उभ्या राहिल्या. निहार तर खुर्चीवरच उभा होता. बसलेला माणूस एकच, पायावर पाय टाकून.

"बाबा, उठा ना! तुमच्याच विम्याचं मतदान आहे!"

"ते कळतंय मला. पण सगळेच उभे राहिले तर विरोधात कोण? एकमताने पास झालेल्या ठरावावर माझा उभ्या जन्मात विश्वास बसलेला नाही."

हयवदन रावांनी सुस्कारा टाकला. "पास. अगेन्स्ट, वन."

"नाव लिहा माझं," सूर्यकांतराव म्हणाले. "आणि 'सू' दीर्घ."