अख्खा एक्सल की सुटी चाकं

तुळशीरामभाऊंच्या चेहऱ्याआधी माझी त्यांच्या पायांशी ओळख झाली. नुकताच बदली होऊन लाखनीला आलो होतो. हायवेवरच्या चहाटपरीसमोर एक ट्रक उभा होता आणि त्याच्या पुढच्या चाकांमधून दोन पाय बाहेर आले होते. एकात चप्पल, दुसरा मोकळा. मला अपघातच वाटला. धावत जाऊन वाकलो, तर खालून शांत आवाज आला, "बॅटरी हाये का तुमच्यापाशी? काही दिसूनच नाही राहिलं."

मी मोबाइलचा उजेड धरला. तेवढ्यात चहा पिऊन ट्रकचा ड्रायव्हर आला आणि ते पाय पाहून ओरडलाच. भाऊ धूळ झटकत बाहेर आले आणि त्याची पाठ थोपटून म्हणाले, "एक्सल मस्त हाये तुमचा."

हे माझे शेजारी निघाले. आसपासच्या गावांतलं धान गिरणीवर पोचवायचा त्यांचा धंदा. जुनी पिकअप थकली होती, नवी घ्यायची होती. पण कोणती, ते ठरत नव्हतं. कारण गाडीची पुढची चाकं ठरत नव्हती.

"हे धरा, गुरुजी," म्हणत त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात काठी दिली. "हा अख्खा एक्सल. हे टोक खड्ड्यात गेलं का ते टोक वर येते. गाडी हलते, पन मोडत नाही. आन हे," त्यांनी दोन्ही पंजे वेगवेगळे वरखाली केले, "सुटी चाकं. याच्या खड्ड्याचा त्याले पत्ता नाही. पन नाजूक काम हाये."

हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही? न्हाव्याला विचारला, पोस्टमनला विचारला. सानगडीला एका तेरवीला गेलो होतो. पंगत बसली, भाऊंचं पान रिकामं. शोधलं, तर पाहुण्यांच्या जीपखाली आडवे! घरचे लोक म्हणाले, राहू द्या, त्यांना मयताचा फार लळा होता.

मेकॅनिकचं मत स्वच्छ होतं. "धान भरून पांदणीनं जायचं ना? मंग अख्खा एक्सल. डोळे मिटून घ्या." पांदण म्हणजे शेतातली चिखलवाट; तिथं नाजूक कामाचं काय चालणार? भाऊ मान डोलवत. बुकिंग करून येत. दोन दिवसांनी जाऊन रद्द करत. शोरूमवाल्यानं हात जोडले की म्हणत, "घाई कायची हाये?"

एकदा चाचणीला मला सोबत नेलं. आधी एक गाडी, मग दुसरी, दोन्ही त्याच पांदणीवरून. प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी थांबवून विचारत, "गुरुजी, कुठं लागलं?"

"कुठं म्हणजे?"

"मानेत का कंबरेत? बराबर सांगा."

मी सांगे, ते वहीत लिहीत. मला नवल वाटत राहिलं. धानाच्या पोत्याला कंबर कुठून आली?

शेवटी त्यांनी सुट्या चाकांची गाडी आणली. मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. "चार रोवण्या तरी काढन का हे?" रोवणी म्हणजे धानाची लावणी, वर्षातून एकदा. भाऊ म्हणाले, "पोते कमी भरीन. दोन खेपा करीन. तुले काय तरास?"

पुढच्याच रविवारी त्यांनी हाक मारली, "गुरुजी, अड्याळले येता का?" पुढच्या सीटवर उशी ठेवून भाऊंच्या पत्नी मालताकाकू बसल्या होत्या. कंबरेला पट्टा. त्यांना घराबाहेर पडताना मी आज पहिल्यांदाच पाहत होतो. मी मागं हौद्यात बसलो.

अड्याळ जवळ आलं असेल, तेव्हा गाडी कडेला घेऊन थांबली. बंद पडली वाटलं. उतरून पुढं गेलो, तर भाऊ हलकेच दार उघडून बाहेर येत होते. ओठांवर बोट. आत काकूंना झोप लागली होती.

"मग थांबलो कशाला?" मी कुजबुजलो.

त्यांनी समोर बोट दाखवलं. वीस पावलांवर गतिरोधक होता.

आम्ही बाभळीखाली बसलो. मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला भाऊंनी लांबूनच हात जोडून हॉर्न वाजवू दिला नाही.

"रोवणीत पाय घसरला तिचा, तवापासून कंबर गेली," ते म्हणाले. "मांगच्या साली जुन्या गाडीत माहेरी घेऊन आलो. उतरली तं ओठाले रक्त. दातांखाली दाबून धरला होता पूर्ण रस्ता, गुरुजी. बोलली नाही काही. वापस आल्यावर म्हणे, 'आता मले माहेराची आठोनच नाही येत.'" त्यांनी गाडीकडे पाहिलं. "तिचा भाऊ बसला हाये ना वाट पाहत. आठोन कशी नाही येनार?"

अर्धा तास तसाच गेला.

मग काकूंनी डोळे उघडले. "काहून थांबलो जी?"

"इंजिन गरम झालं होतं," भाऊ म्हणाले आणि गाडी चालू केली. तो गतिरोधक आम्ही इतक्या हळू ओलांडला, की शेजारून एक म्हातारी डोक्यावर काड्यांचा भारा घेऊन पुढं निघून गेली.