पिंड आणि पार्श्वभूमी

आप्पासाहेबांचा दहावा होता आणि कावळा पिंडाला शिवत नव्हता. फुलंब्रीच्या नदीकाठी माणसं सकाळपासून उन्हात ताटकळत होती. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा अडून बसतो, म्हणून घरचे हात जोडून एकेक शब्द देत होते.

"आप्पा, पोरीचं लगीन औंदा उरकतो," थोरला म्हणाला. बाभळीवरचा कावळा हलला नाही.

"धाकटा दारू सोडतो म्हणतोय." कावळ्यानं मान वळवून धाकट्याकडं पाहिलं आणि तो तसाच बसून राहिला.

गर्दीत प्राध्यापक नानासाहेब घामाघूम उभे होते. आप्पासाहेबांच्या शहागंजातल्या कॉलेजात ते इंग्रजी वाङ्मय शिकवत, तेही दरवर्षी नव्यानं नेमणूक घेऊन. "दिवाळी होऊ द्या, तुमची जागा पक्की करतो," असं आप्पासाहेब म्हणाले आणि दिवाळीआधीच गेले. शब्दाला साक्षीदार कुणी नाही. कॉलेज आता त्यांच्या पत्नीच्या, द्वारकाबाईंच्या हाती आलं होतं.

"नाना, हाच मौका हाय," निजामुद्दीन कानाशी पुटपुटले. ते पूर्वी त्याच कॉलेजात उर्दू शिकवत. पोलीस ॲक्शननंतर उर्दू सरकारी भाषा राहिली नाही, त्यांच्या वर्गातली पोरं कमी होत संपली आणि त्यांना कचेरीत बसवण्यात आलं. "सीधी बात बोलो. आप्पासाहेबांची इच्छा व्हती, इंग्रजीची जागा पक्की करा. कव्वा आया तो आया."

"पार्श्वभूमी नको का सांगायला? युग कळल्याबिगर वाङ्मय कळत नाय."

"अरे, लोक भुकेले हायेत."

नानासाहेबांना वाट विचारली तरी ते आधी इतिहास सांगत. ते पुढं झाले. चार शब्द बोलणार म्हटल्यावर कुणाला अडवता येईना.

"बंधू-भगिनींनो, राज्य बदललं की वाङ्मय बदलतं. आपल्याकडं निजामाचं राज्य गेलं, तसंच फार पूर्वी इंग्लंडात झालं. समुद्रापलीकडून फ्रेंच बोलणारा राजा आला."

"लई लांब गेले," मागून कुणीतरी कण्हलं.

नानासाहेबांच्या मनात पल्ला ठरलेला होता. इथून निघायचं, नाटकांच्या सुवर्णयुगातून थेट व्हिक्टोरिया राणीपर्यंत यायचं, आणि तिथून अलगद स्वतःच्या नेमणुकीवर उतरायचं. त्यांनी आवाज चढवला.

"नव्या राजानं काय केलं? दरबारातून इंग्रजी बंद झाली. कचेरीतून इंग्रजी बंद झाली."

कावळा झेपावला. त्यानं पिंडाला चोच मारली आणि भात खाऊ लागला.

गर्दीनं सुटकेचा निःश्वास टाकला. द्वारकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "जिवंतपणी बोलले नाय बगा. ह्येच मनात व्हतं त्यांच्या." मग थोरल्याकडं वळून म्हणाल्या, "उद्यापासून इंग्रजी बंद करा."

"वहिनीसाहेब, मी अजून पहिल्याच युगात हाय," नानासाहेब घाईघाईनं म्हणाले. "इंग्रजी पुन्हा आली. दरबारात आली, कचेरीत आली, लई भरभराट झाली तिची."

"कवा?"

नानासाहेब जन्मात खोटा इतिहास बोलले नव्हते. "तीनशे वर्षांनी."

"मग तवा या, सर," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या आणि जेवणाच्या पंगतीकडं निघाल्या.

निजामुद्दीननी नानासाहेबांचा दंड धरून त्यांना सावलीत आणलं.

"कचेरीत माझ्या बाजूला एक खुर्ची टाकता येईल," निजामुद्दीन म्हणाले. "खिडकी नाय तिथं. पण सवय होते."