नव्या उपनगरातला गोलकीपर

रविवारी दुपारी नव्या उपनगरावर धूळ दिसली आणि फूटपट्टीला ती बघवली नाही.

फूटपट्टी म्हणजे नगररचना कार्यालयातली सगळ्यात नवी नोकरदार. हे नाव तिला शाळेत पडलं, कॉलेजात टिकलं आणि कार्यालयात तिच्याआधीच येऊन बसलं. तिच्या पर्समध्ये कंगव्याच्या शेजारी मोजटेप असे. कुणी नुसतं ‘जवळच आहे’ म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडे. उपनगर म्हणजे अर्थात त्याची प्रतिकृती, डबलबेडएवढी, सभागृहात मांडून ठेवलेली. शहर फुगत चाललं होतं, माणसांना राहायला जागा हवी होती, आणि ती कशी द्यायची हे आयुक्त मॅडम सोमवारी सकाळी या प्रतिकृतीवरून ठरवणार होत्या.

योजना साहेबांची होती. नाव होतं ‘हरित उपनगर’ आणि त्याच्या मधोमध एक रस्ता होता. साहेबांचा रस्त्यावर फार जीव. “रस्ता म्हणजे नदी,” ते म्हणत, “जेवढी रुंद, तेवढी वाहती.”

नोकरीला लागल्यावर पहिल्याच बैठकीत फूटपट्टी बोलून गेली होती, “नदी कसली साहेब, गोणी आहे ती. जेवढी मोठी शिवाल, तेवढं आपण तिच्यात कोंबतो. मागच्या वेळी रुंद केलेल्या रस्त्याचं काय झालं?”

बैठक संपली आणि साहेबांनी तिला गटारांची झाकणं मोजायच्या कामावर पाठवलं. अख्खा उन्हाळा ती जुन्या वस्तीत खाली मान घालून फिरली. उन्हाने नाक सोललं, पण एक झाकण सुटलं नाही. आता तिला कायम करायचं की नाही, याचा निकाल याच महिन्यात लागणार होता. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, “सोमवारी मंजुरी मिळाली तर तू कायम. नाही मिळाली, तर झाकणं तुझी वाट बघतायत.”

म्हणून ती रविवारीही आली होती, आणि म्हणूनच तिला धूळ दिसली. तिने अडगळीच्या खोलीतून व्हॅक्यूम क्लीनर ओढत आणला, नळी अलगद उपनगरावर धरली आणि बटण दाबलं. धूळ गेली. पाठोपाठ झाडंही गेली. स्पंजची चिमुकली झाडं, ओळीने लावलेली. ती तशीच ओळीने, रांग न मोडता नळीत शिरली. फूटपट्टीचा हात बटणापर्यंत पोचेपर्यंत हरित उपनगर पांढरंफटक पडलं होतं. तिने पिशवी उघडली. आत अख्ख्या उपनगराचं रान एका करड्या गोळ्यात घट्ट बसलं होतं आणि त्या गोळ्याला केस होते.

प्रतिकृती बनवणाऱ्या कारागिराने फोनवर शांतपणे विचारलं, “सगळीच?”

“सगळीच.”

“पंधरवडा लागेल. कापायची, रंगवायची, वाळवायची. झाड म्हटलं की वेळ लागतोच.”

मग तिने मावशीला फोन लावला. फूटपट्टी मावशीकडेच राहत असे, आणि मावशीचं केकचं दुकान कार्यालयाच्या मागच्याच गल्लीत होतं. भाचीच्या आवाजावरूनच काय ते ओळखून मावशी शटर अर्धं ओढून दोन खोके काखेत मारून आली. प्रतिकृतीभोवती तिने एक चक्कर मारली.

“हे शहर आहे? मला वाटलं, साखरेचे ठोकळे मांडलेत.”

“मावशी, झाडं आहेत का तुझ्याकडे?”

“वाढदिवसाच्या केकवर जंगल काय मी हाताने पिकवते?” मावशीने खोका उघडला. प्लास्टिकची झाडं होती, हिरवीगार, पानन्‌पान वेगळं. पण एकेक मधल्या बोटाएवढं. उपनगरातली बारा मजली इमारत आडव्या चार बोटांएवढी उंच होती. झाड तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होतं.

“हे चालणार नाही,” फूटपट्टी म्हणाली. “या हिशोबाने हे झाड सतरा मजल्यांचं होतंय.”

“मग वांझोटं शहर दाखव. नावच हरित ना त्याचं?”

फूटपट्टीने खोका जवळ ओढला. झाडं लावायला घेतली तर कार्यालयातला डिंक वाळून दगड झालेला. मावशीने पिशवीतून आयसिंगचा कोन काढला. “लग्नाचे चार मजली केक मी यावर उभे करते. तुझी झाडं काय घेऊन बसलीस.” आणि खरंच, झाडं ताठ उभी राहिली. सभागृहात व्हॅनिलाचा वास सुटला.

आता दुसरीच पंचाईत झाली. झाडांखालची माणसं दिसेनाशी झाली. मुळातच ती तिळाएवढी. झाडाच्या बुंध्याशी तर मुंग्यांनी सांडलेले दाणे वाटत होती.

“प्रतिकृतीत सगळे आधी माणूस बघतात,” फूटपट्टी म्हणाली. “माणसावरून बाकीच्याचा अंदाज करतात. माणूस नसेल तर नजरेला काही धरायलाच नाही.”

“माणसं हवीत का? आधी बोलायचं.” मावशीने दुसरा खोका उपडा केला. बोटाच्या पेराएवढी माणसं टेबलावर घरंगळली. झाडांखाली ती चपखल बसत होती. फक्त त्यांतली बहुतेक फुटबॉल खेळत होती. उरलेल्यांत पाच-सहा नवरा-नवरीच्या जोड्या होत्या, आणि एक बाई एका पायावर नाचत होती.

“साधी, चालणारी माणसं नाहीत?”

“साध्या चालणाऱ्या माणसाचा केक कोण कापतं गं?”

माणसं लावली. आता गाड्यांनी दगा दिला. कारागिराने रस्त्यावर चिकटवलेल्या गाड्या नव्या माणसांच्या पायाशी आल्या. एका नवऱ्यामुलाशेजारी दोन गाड्या अशा उभ्या होत्या, की त्याने देवळाबाहेर बूट काढून ठेवलेत असं वाटावं. फूटपट्टीने चिमटा घेऊन सगळ्या गाड्या उपटल्या. मावशीकडे मुलग्यांच्या केकवरच्या, तळहाताएवढ्या रुंद शर्यतीच्या गाड्या होत्या. त्यांतली एक तिने साहेबांच्या महामार्गावर आडवी धरून बघितली, उभी धरून बघितली. एक गाडी ठेवली की रस्ता संपत होता.

“समोरून दुसरी आली तर?” मावशीने विचारलं.

“तर एकीने रिव्हर्स घेत उपनगराबाहेर जायचं.”

 मावशीने ती लाल गाडी उचलून खोक्यात टाकली. “नकोच. एवढी झाडं लावलीयेस, धुराने मरायची.”

राहता राहिली कोपऱ्यातली पितळी पाटी. तीवर प्रतिकृतीचं प्रमाण कोरलेलं होतं, आणि आता त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. फूटपट्टीचा जीव तिथे अडकला. “हे खोटं बोलणं झालं, मावशी.”

“कोण बोललं?” असं म्हणत मावशीने पाटीवर एक झाड लावलं.

सोमवारी मॅडम उशिरा आल्या. फाटकाशी स्वागताला उभे राहिलेले साहेब त्यांच्यासोबतच जिना चढले. “तुमच्या त्या रुंद केलेल्या रस्त्यावर तासभर उभी होते,” मॅडम म्हणत होत्या. “पुढच्या गाडीवरचे सगळे स्टिकर पाठ झाले माझे.”

“म्हणूनच मॅडम, नव्या उपनगरात आम्ही याहून मोठा—” एवढं बोलून साहेबांनी सभागृहाचं दार उघडलं आणि त्यांचं वाक्य तिथेच गळून पडलं.

मॅडम चष्मा लावून वाकल्या. फूटपट्टीने रात्रभर घोटलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकायचं ठरवलं. “मॅडम, सुरुवातीलाच सांगते, यातलं प्रमाण—”

“प्रमाणाबाहेर मेहनत घेतलीय पोरीने,” साहेबांनी वाक्य वरच्यावर झेललं आणि टेबलाखाली तिच्या पायावर पाय ठेवला. साहेबांचा बूट साधारण अकरा नंबरचा असावा, हे तिच्या लक्षात आलं.

“झाडं फार मोठी दाखवलीत.”

“ही वीस वर्षांनंतरची आहेत, मॅडम. आपण दूरचा विचार करतो.” साहेब अठ्ठावीस वर्षं नोकरीत होते, ती काही उगाच झाली नव्हती.

“आणि रस्त्यात फुटबॉल चाललाय.”

“गाड्याच नाहीत ना.” हे साहेबांच्या तोंडून गेलं आणि आपण काय बोललो ते त्यांना नंतर ऐकू आलं. त्यांचा चेहरा पडला. पण मॅडमनी मान वर करून त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

“गाड्या नाहीत? तुमच्या योजनेत?”

साहेबांना आता मागे फिरायला वाट नव्हती. रिव्हर्स घ्यावा तर रस्ताच तेवढा उरला नव्हता. “काळ बदलतो, मॅडम,” ते म्हणाले.

“या जोड्या?”

“तरुणांना शहरात बसायला जागा कुठे असते? ही ती जागा.”

“आणि ही बाई एका पायावर का उभी आहे?”

साहेबांनी फूटपट्टीकडे बघितलं. फूटपट्टी म्हणाली, “तिला रस्ता ओलांडायची घाई नाहीये, मॅडम.”

मॅडम किंचित हसल्यासारख्या झाल्या. मग त्या आणखी वाकल्या. “हे काय चाललंय?”

खिडकीतून एक काळी रेघ टेबलाच्या पायावरून चढून उपनगरात शिरली होती. मुंग्या होत्या. आयसिंगच्या वासाने आलेल्या. महामार्गावरून त्या एकामागे एक, शिस्तीत चालल्या होत्या. समोरून परतणाऱ्यांना थांबून वाट देत होत्या. एकीचाही खोळंबा होत नव्हता. फूटपट्टीच्या डोळ्यांपुढे गटारांची झाकणं एकामागून एक उघडत गेली.

साहेबांनी घाम पुसला. “सार्वजनिक वाहतूक, मॅडम.”

मॅडम बराच वेळ मुंग्या बघत राहिल्या. त्यांनी सकाळी एवढं सुरळीत काहीच पाहिलं नव्हतं. मग एका खेळाडूच्या मापाने त्यांनी रस्ता बोटांनी मोजला. “चार-पाच माणसं आडवी झोपतील, बस. ठीक आहे. माणूस आणि रस्ता यांचं हे माप बदलायचं नाही. तेवढं सांभाळून नकाशे करून आणा. आणि अशा रुंदीच्या रस्त्यांवर लोक कसे वावरतात, ते आधी जुन्या वस्तीत जाऊन मोजा. तुम्ही स्वतः, साहेब.”

त्यांनी मंजुरीची सही केली. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. इमारतींच्या मधे दोन्ही हात पसरून उभ्या असलेल्या एका खेळाडूला त्यांनी आयसिंगमधून उपटून चष्म्यासमोर धरलं.

“या गोलकीपरला मी ओळखते,” त्या फूटपट्टीला म्हणाल्या. “मागच्या महिन्यात नातवाच्या केकवर होता. तुमच्या दुकानदाराला सांगा, जरा घट्ट बसवत जा म्हणावं. पोरगं गिळणार होतं त्याला.” आणि गोलकीपर होता तिथे ठेवून त्या निघून गेल्या.

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, “म्हणजे त्यांना कळलं होतं?”

“पहिल्यापासून असणार.”

“आणि मी सार्वजनिक वाहतूक म्हणालो.”

“ते बरोबरच होतं, साहेब,” फूटपट्टी म्हणाली आणि कागदावर आकडे मांडू लागली. माणूस खरा धरला, तर रस्ता आठ मीटरचा होत होता, बारा मजले दोनावर येत होते आणि अख्खं उपनगर जमिनीच्या एका कोपऱ्यात मावत होतं.

“उरलेल्या जमिनीचं काय करायचं?” साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं.

“अशाच आणखी वस्त्या. मधून बस. मजले मात्र वाढवावे लागतील आणि घरं जवळ आणावी लागतील, नाहीतर माणसं मावणार नाहीत. गाड्या उभ्या करायची जागा वाचलीय, ती तिकडे वळवते.”

“वळव,” साहेब म्हणाले. “आणि आधी त्या मुंग्या वळव.”

फूटपट्टीला कायम केल्याचा कागद गुरुवारी मिळाला, आणि शुक्रवारी ती पुन्हा जुन्या वस्तीत होती. तीच गल्ली, तेच ऊन. फरक एवढाच, की यावेळी टेपचं दुसरं टोक साहेबांच्या हातात होतं. साहेबांची गाडी गल्लीच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांपाशीच अडली होती. पुढे ती शिरत नव्हती.

साहेब भिंतीकडे सरकले तसं त्यांच्या पायाखाली काहीतरी खडखडलं. “हे झाकण हलतंय गं.”

“हो साहेब. उन्हाळ्यात सांगितलं होतं मी.”

 टेप ओढत साहेब समोरच्या झाडाच्या सावलीत जाऊन उभे राहिले आणि त्यांनी टोक वर धरलं. गल्लीत पोरं खेळत होती. त्यांतल्या एकीने लाथाडलेला चेंडू थेट साहेबांच्या रोखाने आला. साहेबांनी टेप सोडला, दोन्ही हात पसरले आणि चेंडू छातीशी धरला.

“काका, अडवलात,” पोरं म्हणाली. “तिथेच थांबा आता.”

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. मग कोट काढून झाडाच्या फांदीला अडकवला. फूटपट्टीने खाली पडलेलं टोक स्वतःच उचलून भिंतीला लावलं आणि लिहून घेतलं: रुंदी आठ मीटर, मधे एक गोलकीपर.